ट्रेलोरकाका दवाखान्यात बसले तो दिवस

मुलांनो, आधी एक मैदान डोळ्यांसमोर आणा. क्रिकेटच्या मैदानाहून मोठं आणि अंड्यासारखं लांबट. त्याच्या दोन्ही टोकांना चार चार खांब रोवा. मधले दोन उंच, बाजूचे दोन ठेंगणे. आता चेंडू घ्या. तो गोल नाही, सोललेल्या नारळासारखा आहे, त्यामुळे जमिनीवर आपटला की कुठे उडेल ते त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. हा चेंडू लाथेने मधल्या दोन उंच खांबांमधून पार केला तर सहा गुण. उंच आणि ठेंगण्या खांबाच्या मधून गेला तर एकच. आणि हे नीट ऐका: अगदी मधून गेला, पण जाता जाता कुणाच्या बोटाचा नुसता स्पर्श झाला, तरी एकच.

झालं उभं मैदान? आता त्याच्याभोवती मोटारी लावा, सगळ्यांची तोंडं आत. हवेत गारठा आहे, म्हणून निम्मी माणसं मोटारीत बसूनच खेळ बघतात आणि आपल्या गावाचा गोल झाला की टाळ्यांऐवजी हॉर्न वाजवतात. पलीकडे क्षितिजापर्यंत गहू आहे आणि रुळांजवळ धान्याची कोठारं, आपल्याकडच्या पाण्याच्या टाक्यांसारखी उंच. हे ऑस्ट्रेलियातलं बेरिंगल गाव. साल एकोणीसशे एकाहत्तर, महिना सप्टेंबर. तिकडे तेव्हा थंडी सरत आलेली असते.

आता उंच खांबांच्या मधोमध, रेषेवर, एक माणूस उभा करा. लांब पांढरा कोट, पांढरी हॅट, शेजारी दोन पांढरे झेंडे. चेंडू पार झाला की सहा गुण की एक, हे फक्त हा माणूस सांगणार. सहा असतील तर दोन बोटं पुढे करणार, एक असेल तर एक बोट, आणि मग तितकेच झेंडे हलवणार. त्याला म्हणतात गोलपंच. हा गोलपंच म्हणजे माझे बाबा, डॉक्टर नरहर आठल्ये, मूळचे मिरजेचे.

जिल्ह्याच्या स्पर्धेचा अंतिम सामना आहे. आमचं बेरिंगल विरुद्ध शेजारचं कोरांडा. बेरिंगल दोन गुणांनी मागे आहे आणि वेळ संपत आली आहे. कॉलिन मॅडर्न, गावातला गॅरेजवाला आणि आमच्या संघाचा कप्तान, चेंडू घेऊन धावतो आणि लांबून लाथ मारतो. चेंडू त्याच्या पायातून सुटतो आणि वेळ संपल्याचा भोंगा वाजू लागतो. भोंग्याआधी सुटलेला चेंडू चालतो, असा नियम आहे.

चेंडू हवेत आहे. तो जरा तिथेच राहू द्या. बाबा त्या खांबांमध्ये कसे पोचले, आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले ट्रेलोरकाका कोण, ते आधी सांगायला हवं.

आम्ही बेरिंगलला गेलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गावाला बरीच वर्षं डॉक्टर नव्हता. पांढऱ्या कोटातला हा गहूवर्णी माणूस बघून लोक जरा बिचकले, मग सवय झाली. पहिल्याच हिवाळ्यात एका शनिवारी मैदानावरून निरोप आला, एकाचा खांदा निखळलाय. बाबा कोट न काढताच धावत गेले, खांदा बसवला आणि परत निघाले. तेवढ्यात पाहुण्या गावाच्या कुणीतरी घाईघाईने त्यांच्या हातात दोन झेंडे दिले आणि त्यांना खांबांमध्ये नेऊन उभं केलं. ठरलेला गोलपंच आला नव्हता, आणि इथे पांढऱ्या कोटातला माणूस आयताच मिळाला. बाबांना वाटलं, कुणी पडलं तर रुग्णवाहिकेला खूण करायला हे झेंडे दिलेत. त्यामुळे पहिला चेंडू खांबांमधून गेला तेव्हा ते शांतपणे उभे राहिले. थोड्या वेळाने एक खेळाडू चिखलात घसरून पडला, तेव्हा मात्र त्यांनी दोन्ही झेंडे जोरजोरात हलवले.

गाव आठवडाभर हसत होतं. आई तर बाबांना जेवायला हाक मारतानाही पदर हलवून दाखवायची.

न हसलेला एकच माणूस होता, मर्व ट्रेलोर. बेरिंगल संघाचे प्रशिक्षक. सगळं गाव त्यांना नुसतं 'कोच' म्हणायचं. मी आणि आई घरात ट्रेलोरकाका म्हणायचो. पन्नाशी उलटलेले, रुंद खांद्यांचे, डाव्या पायाने लंगडत चालणारे. ते सोमवारी दवाखान्यात आले आणि बाबांना विचारलं, या जिल्ह्यात तुमचे कुणी नातेवाईक आहेत का. बाबा म्हणाले, सगळ्यात जवळचा मावसभाऊ कराडला असतो. काकांनी विचारलं, कराड किती लांब. बाबांनी सांगितलं, बोटीने तीन आठवडे, मग आगगाडी.

"मग तुमच्यासारखाच माणूस मी वीस वर्षं शोधतोय," काका म्हणाले. "इथला प्रत्येक गोलपंच कुणाचा तरी मेहुणा आहे."

त्यांनी बाबांना नियम शिकवले. बाबांनी ते एखाद्या परीक्षेसारखे पाठ केले, आणि पुढच्या वर्षी ते जिल्ह्याचे रीतसर गोलपंच झाले. गोलपंचाचा कोट त्यांनी वेगळा शिवून घेतला. दवाखान्यातला कोट मैदानावर न्यायला आईने बंदी घातली होती.

ट्रेलोरकाका दर गुरुवारी शाळा सुटल्यावर आम्हा मुलांना खेळ शिकवायचे. मुलींनाही. काही बाप कुरकुरले तेव्हा काका म्हणाले होते की चेंडूला काय कळतंय. माझी आणि ग्लेनिसची जोडी असायची. ग्लेनिस म्हणजे कॉलिन मॅडर्नची मुलगी, माझ्याच वर्गातली. चेंडू उभा धरायचा, सोडायचा, आणि पायाच्या उंचवट्यावर घ्यायचा. माझा चेंडू पहिले सहा महिने फक्त मागे गेला. काका म्हणायचे, "छान, नेल. आता तू उलटी उभी राहा." माझं नाव नलिनी, ते तीन अक्षरांचं तिथे कुणालाच झेपलं नाही.

सरावाच्या मधल्या विश्रांतीत संत्र्याच्या फोडी खाताना ते लढाईच्या दिवसांतल्या गमती सांगायचे. एकोणिसाव्या वर्षी ते मेलबर्नच्या एका मोठ्या क्लबकडून खेळू लागले, आणि लगेच महायुद्ध सुरू झालं. निम्मा संघ सैन्यात. कुणाला शनिवारी रजा मिळेल यावर संघ ठरायचा. बूटसुद्धा कुपनावर मिळायचे, म्हणून एका सामन्यात ते एका पायात नऊ नंबरचा आणि दुसऱ्यात अकरा नंबरचा बूट घालून खेळले आणि सगळा वेळ गोल फिरत राहिले. न्यू गिनीच्या जंगलात, पावसात, विमानांच्या धावपट्टीवर सैनिकांनी सामना खेळला. चेंडू फुटला तेव्हा त्यात ओले पायमोजे कोंबले, आणि मग तो ज्याच्या डोक्याला लागला तो दोन दिवस सुट्टीवर. आम्ही हसून हसून लोळायचो.

जी गोष्ट ते सांगत नसत, ती मला ग्लेनिसने सांगितली. गावात सगळ्यांना माहीत होती. लढाईच्या मध्यावर एका वर्षी त्यांचा क्लब शहराच्या अंतिम सामन्यात पोचला. काकांची निवड झाली होती. सामन्याच्या दोन दिवस आधी हुकूम आला आणि त्यांची तुकडी उत्तरेकडे निघाली. सामना चालू होता तेव्हा ते आगगाडीत होते. परत आले ते मलेरिया आणि मोडका गुडघा घेऊन. शहरातलं खेळणं संपलं. मग ते आपल्या गावी आले आणि गावाच्या संघाला शिकवू लागले. त्यांचा संघ तीनदा जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला आणि तिन्ही वेळा हरला. आता कंबरही साथ देत नव्हती. हे माझं शेवटचं वर्ष, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

म्हणून त्या वर्षी बेरिंगलला कप जिंकायचा होता तो गावासाठी नव्हे, कोचसाठी. बेकरीवाल्याने खेळाडूंना पाव फुकट दिले. आईने डबाभर शंकरपाळे पाठवले, ते मध्यंतरात संपले. कॉलिन मॅडर्न तर सगळ्यांना सांगत फिरत होता की या शनिवारी मी म्हाताऱ्याच्या हातात कप देणार. काकांच्या हाताखालीच तो लहानाचा मोठा झाला होता.

आता तो चेंडू खाली येऊ द्या.

ग्लेनिस आणि मी कडेच्या कुंपणाला लटकून बघत होतो. चेंडू फिरत फिरत सरळ मधल्या खांबांकडे आला. रेषेवर कोरांडाचा एक उंच खेळाडू उडाला, त्याचे हात वर गेले, चेंडू त्याच्या हातांवरून पार झाला आणि तो तोंडावर चिखलात पडला. ग्लेनिसने मला मिठी मारली. आमच्या गावच्या सगळ्या मोटारींचे हॉर्न एकदम वाजायला लागले. भोंगा, हॉर्न, माणसं, काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

बाबा रेषेवर ताठ उभे होते. त्यांनी एक हात पुढे केला. एक बोट.

हॉर्न एका दमात थांबले नाहीत. आधी खांबांजवळच्या मोटारी गप्प झाल्या, मग त्यांच्या पलीकडच्या, मग त्यांच्या. सगळ्यात शेवटी अगदी दूरच्या कोपऱ्यात एकच मोटार वाजत राहिली. तिच्यातल्या माणसाला अजून दिसलं नव्हतं. बाबांनी एक झेंडा उचलला आणि हलवला. बेरिंगल एका गुणाने हरलं.

ग्लेनिसने माझ्या गळ्यातला हात काढला.

तिथली एक पद्धत सांगायला हवी. खेळाच्या विश्रांतीत आणि सामना संपल्यावर संघ मैदानाच्या मध्यभागी प्रशिक्षकाभोवती गोल करून उभा राहतो, आणि मग सगळं गाव, म्हाताऱ्या बायका, कडेवरची पोरं, कुत्री, सगळे आत चालत जाऊन त्या गोलाभोवती उभे राहतात. कोच काय बोलतो ते ऐकायचा प्रत्येकाचा हक्क असतो. त्या दिवशी इतकी माणसं गोळा झाली की मला फक्त पाठी दिसत होत्या. कॉलिन रडत होता. चेंडूला कुणी शिवलं नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. कुणीतरी म्हणालं की त्या डॉक्टरला या खेळातलं काय कळतं, पहिल्या दिवशी तो काय करत होता ते आठवा. मग सगळे गप्प झाले, कारण काका बोलणार होते.

काकांनी तोंड उघडलं, मिटलं. मग ते म्हणाले, "पोरांनो, कोरांडा चांगलं खेळलं. गरम पाण्याने अंघोळ करा." आणि लंगडत कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेले.

पंचाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. गावाने त्याचा जो अर्थ काढायचा तो काढला.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, खरंच बोट लागलं होतं का.

"लागलं होतं."

"दिसलं तुम्हाला?"

"ऐकू आलं. अगदी माझ्या डोक्यावर, टिचकी मारल्यासारखं," बाबा म्हणाले. "छातीला नळी लावून वीस वर्षं काढली, नलू. तेवढं ऐकू येतं."

आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "शुक्रवारी रुग्णालयाच्या कमिटीची बैठक आहे, हे माहीत होतं ना?"

बाबांची नेमणूक दोन वर्षांची होती. ती पुढे चालवायची की नाही हे शुक्रवारी पाच गावकरी ठरवणार होते, आणि त्या पाचांतला एक कॉलिन मॅडर्न होता. बाबा म्हणाले की माहीत होतं. आई जरा वेळ मळत राहिली. मग म्हणाली, "मेथी लावलीय मी मागे. उगवून आलीय." एवढंच. पण मला कळलं की आपल्याला इथून जावं लागेल, आणि आईला जायचं नाहीये. मलाही जायचं नव्हतं. माझा चेंडू नुकताच पुढे जायला लागला होता.

आमचं घर आणि दवाखाना एकच. पुढची खोली हमरस्त्यावर, तिला मोठी काच, काचेशी पेशंटनी बसायचं लांब बाकडं. समोर पोस्ट. सोमवारी त्या बाकड्यावर कुणी बसलं नाही. ज्यांना वेळ दिली होती तेही आले नाहीत. एकीने फोन करून सांगितलं की खोकला आपोआप थांबला, आणि सांगता सांगता खोकली. बाबांनी औषधांच्या बाटल्या काढून फडताळ पुसलं. मग त्याच बाटल्या परत लावल्या. शाळेला सुट्टी होती, पण मला बोलवायला ग्लेनिस आली नाही. ती रस्त्याच्या पलीकडून सायकलवर गेली, समोर बघत.

मंगळवारी सकाळी दवाखान्याचं दार उघडल्याबरोबर ट्रेलोरकाका आत आले. अंगात कोट, गळ्यात सामन्याच्या दिवशी बांधायचा टाय, केस पाण्याने बसवलेले. ते बाकड्यावर अगदी काचेजवळ बसले आणि हॅट मांडीवर ठेवली.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण काका बाबांशी बोलायचे ते मला आठवतं तेव्हा 'तुम्ही' असंच ऐकू येतं.

"काय होतंय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"कंबर?"

"कंबर तशीच आहे. मी इथे बसतो, डॉक. तुम्ही तुमचं काम करा."

"काम नाहीये," बाबा म्हणाले.

"म्हणूनच," काका म्हणाले.

बाबा आत गेले. मी आतल्या दाराशी जमिनीवर बसून जुनी मासिकं लावायचं नाटक करत होते. ज्या गावात एक रस्ता आणि एक पोस्ट असतं तिथे असा माणूस काचेत बसला की वर्तमानपत्राची गरज राहत नाही. पोस्टातल्या बाई पत्रं लावायची सोडून दारात आल्या. बेकरीवाला व्हॅन घेऊन गेला, आणि जरा वेळाने काही न देता-घेता परत त्याच रस्त्याने आला. काका प्रत्येकाला बोट वर करून नमस्कार करत होते. आईने आलं घातलेला चहा आणून दिला. पहिल्या घोटाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी विचारलं की हा चहा आहे की औषध. आई म्हणाली, दोन्ही. ते दुसरा कपही प्यायले.

दुपार होत आली तेव्हा कॉलिन मॅडर्नची गाडी, पुढे दोघांना बसायची जागा आणि मागे सामानाचा उघडा हौदा असलेली, आमच्या दारासमोरून पुढे गेली, थांबली आणि मागे आली. इंजिन चालूच ठेवून कॉलिन उतरला. गाडीत ग्लेनिस बसली होती. तिच्या अंगात बापाचा लोकरीचा स्वेटर होता आणि एक कान तिने हाताने गच्च दाबून धरला होता.

कॉलिन दारातच उभा राहिला. आत यायचं की नाही हे त्याचं ठरत नव्हतं.

"कोच, बरं नाही का?"

"बरा आहे."

"मग इथे?"

"बसलोय. तू कुठे निघालास?"

कॉलिनने सांगितलं की कोरांडाला. ग्लेनिसचा कान रात्रभर ठणकतोय, तिथल्या डॉक्टरला दाखवायचाय.

"कोरांडाला," काका म्हणाले. "ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांच्या डॉक्टरकडे. तासभर खड्ड्यांतून. ठणकत्या कानाने."

कॉलिनचा चेहरा लाल झाला. तो आत आला. आतल्या खोलीत बाबा आहेत हे माहीत असूनही, किंवा माहीत होतं म्हणूनच, तो मोठ्याने बोलला. "त्याने तुमचा कप घालवला, कोच. माझा नाही, तुमचा. मी मारलेला चेंडू सरळ मधून गेला."

"सरळ गेला. लाथ सुंदर होती. शहरातसुद्धा तशा फार बघितल्या नाहीत मी." काकांनी हॅट बाजूला ठेवली. "पण शेवटी त्याचं फिरणं बदललं. तूही पाहिलंस."

कॉलिनने बाहेर गाडीकडे बघितलं.

"पाहिलंस ना, कॉल?"

"गोंधळ होता," कॉलिन म्हणाला. "भोंगा वाजत होता."

"बस."

तो बसला. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला, शाळकरी पोरगा बसावा तसा, गुडघे जुळवून.

"माझ्याकडे एक पदक आहे, माहीत आहे तुला?" काकांनी विचारलं. कॉलिनने नकारार्थी मान हलवली. "कुणालाच नाही माहीत. बायकोला, आयरीनला, होतं; ती गेली. मी ज्या अंतिम सामन्याला नव्हतो, त्याचं पदक. माझ्या जागी एक शाळामास्तर खेळला. सपाट पावलांचा, म्हणून सैन्याने घेतला नव्हता. बदकासारखा धावायचा, आम्ही त्याची टिंगल करायचो. त्या दिवशी तो सगळा वेळ धावला आणि आमचा क्लब जिंकला. लढाईमुळे धातू मिळत नव्हता, पदकं कमी पडली. तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, बिचारा ट्रेलोर लढाईवर गेलाय, त्याचं त्याच्या आईकडे पाठवू. मास्तरला मिळालं नाही."

"तुम्ही ते परत नाही केलंत?"

"गेलो ना घेऊन. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात, त्याच्या शाळेत. तो वर्गाबाहेर आला, पदक बघितलं आणि माझ्या हाताची मूठ मिटली. म्हणाला, तुम्ही ठेवा, तुम्ही फार सोसलंत. सगळी पोरं खिडकीतून बघत होती. मी काय करणार?" काकांनी टाय सैल केला. "सगळ्यांनी प्रेमानेच दिलं, कॉल. क्लबने प्रेमाने दिलं, मास्तरने प्रेमाने दिलं. इतकी वर्षं ते पायमोज्यांच्या खणात पडलंय. एकदाही छातीला लावलं नाही. खण उघडला की आधी ते दिसतं, म्हणून मोजे आता खुर्चीवर ठेवतो."

कॉलिन आपल्या हातांकडे बघत होता. त्याच्या नखांत ऑईल होतं.

"शनिवारी डॉकने दोन बोटं दाखवली असती," काका म्हणाले, "तर माझ्याकडे अशी दोन झाली असती."

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. बाबा तिथे उभे होते, किती वेळ कोण जाणे. ते वळले आणि ट्रेमधली हत्यारं एकेक उचलून पुन्हा ठेवू लागले. नुसती खडखड येत राहिली.

"हे मी शनिवारी तिथेच सांगायला हवं होतं," काका म्हणाले. "सगळं गाव भोवती उभं होतं. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. चौथ्यांदा हरलो होतो रे. म्हणून आज बसलोय."

कॉलिन उठला. त्याने आतल्या दाराकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि बाहेर गेला. फूटपाथवर गाडीकडे पाठ करून तो उभा राहिला. सिगारेट काढली, पण ती पेटवायची विसरून समोरच्या पोस्टाकडे बघत राहिला. पोस्टातल्या बाई आत गेल्या.

मी काचेला नाक लावलं. गाडीचं इंजिन घुरघुरत होतं आणि त्याबरोबर अख्खी गाडी थरथरत होती. ग्लेनिस कान दाबून, डोळे मिटून बसली होती. मग तिने डोळे उघडले. आधी बापाच्या पाठीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग काचेतून आत बसलेल्या ट्रेलोरकाकांकडे. काकांनी हात हलवला नाही, खूण केली नाही. तेही नुसते तिच्याकडे बघत होते.

ग्लेनिस बापाच्या सीटवर सरकली, हात लांब केला आणि किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. कॉलिनने दचकून मागे बघितलं, तोवर ती दार उघडून खाली उतरली होती. स्वेटर तिच्या गुडघ्यापर्यंत आला होता. ती बापाच्या बाजूने चालत आली, त्याने तिला अडवलं नाही, आणि ती आत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. ठणक्याने तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तुझे बाबा आहेत?" तिने मला विचारलं.

मी आतल्या दाराकडे बोट दाखवलं. तिने पायपुसण्यावर दोन्ही बूट नीट पुसले, कानावरचा हात काढला आणि अर्ध्या उघड्या दारावर टकटक केलं.